दोनशे चौदावा हात

कर्जत-खालापूर पट्ट्यात माणूस गेला की दोन कामं तातडीने करावी लागतात. पहिलं कोणतं ते सगळ्यांना ठाऊक आहे. दुसरं म्हणजे मिलिंद सोनावळेला फोन.

दहिवलीच्या रस्त्यावर त्याचा दहा बाय बाराचा गाळा आहे, सम्यक ग्राफिक्स. आत एक संगणक, एक स्कॅनर, आणि भिंतीवर नमुन्यादाखल एका भाऊंच्या वाढदिवसाचा फ्लेक्स, ज्यात भाऊंच्या शेजारी सिंह आहे आणि दोघांपैकी सिंह जरा संकोचलेला दिसतो. वाढदिवस, बारसं, क्रिकेटचे सामने, साखरपुडा, सगळं मिलिंद करतो. पण नाव आहे ते श्रद्धांजलीच्या बोर्डासाठी. त्याच्याकडचा गेलेला माणूस जिवंत दिसतो, अशी ख्याती आहे. जिवंतपणी तो तसा दिसत नव्हता, अशी तक्रार घेऊन अजून कुणी आलेलं नाही.

अडचण असते ती फोटोची. साठी उलटलेल्या माणसाचा एकट्याचा फोटो आपल्याकडे बहुधा ओळखपत्रावरच असतो, आणि त्यात तो आधीच गेल्यासारखा दिसतो. मग घरचे कुणाच्या तरी लग्नाचा अल्बम उघडतात. सापडतो तो फोटो सात-आठ जणांचा असतो आणि आपल्या माणसाच्या खांद्यावर कुणाचा तरी हात असतो. असतोच. फोटोवाला ओरडतो, ‘जवळ या, अजून जवळ’, माणसं जवळ येतात, आणि हातांचं काय करायचं ते न सुचून शेजारच्याच्या खांद्यावर ठेवतात. मिलिंद तो हात काढतो. माणसाच्या कडेकडेने बारीक रेघ फिरवून त्याला गर्दीतून उचलतो, बोटांखाली झाकलेला सदरा दुसऱ्या खांद्यावरून आणून डकवतो, मागे ढग सोडतो. वीस मिनिटांचं काम. गेलेल्या माणसाला एकटं करायचं, हा त्याचा धंदा.

आठ वर्षांपूर्वीपर्यंत त्याला यात काही वावगं वाटलेलं नव्हतं. मग कडावची जिजा दुकानात आली.

तिचा नवरा नागू गेला होता आणि त्याचा बोर्ड नाक्यावर लागला होता. जिजा दारातच उभी राहिली.

“ह्यो आमच्या मालकांचा बोर्ड तूच केलास नं?”

“हो काकू. काय चुकलं का? नाव, तारीख?”

“नाव बराबर हाय. हात कुटं गेला?”

“कुठला हात?”

“ह्यांच्या खांद्यावरचा. माजा व्हता त्यो.”

मिलिंदला आठवलं. कुणाच्या तरी हळदीतला फोटो. नागूच्या उजव्या खांद्यावर हिरव्या बांगड्यांचा एक हात. त्याने तो सवयीने उडवला होता.

“काकू, बोर्डावर एकट्याचाच फोटो घेतात.”

“त्ये म्हाईत हाय मला. मी भांडाय नाय आले.” जिजाने पदर सारखा केला. “त्या दिवशी फोटूवाल्यानं ठेवाय लावला. त्याच्या आदी कदी ठेवला नव्हता, मागनं बी नाय. चारचौघांत कोन ठेवतंय? येकदाच ठेवला त्यो तू काढलास. माजं इतकंच इचारनं हाय, तुमी कापता त्ये टाकता कुटं?”

मिलिंदने तिला संगणकावरची कचरापेटी उघडून दाखवली. ती रिकामी होती. जिजाने वाकून नीट पाहिलं, रिकामी आहे याची खात्री करून घेतली, आणि टेंपोला हात करून निघून गेली.

मिलिंदने शाळेत चित्रकलेच्या दोन्ही ग्रेड परीक्षा दिल्या होत्या, इंटरमिजिएटला ए ग्रेड होती. मुंबईच्या कला महाविद्यालयाचा प्रवेशाचा फॉर्मही त्याने आणला होता. तो फॉर्म अजून घरी आहे, कोरा. त्या आठवड्यात त्याने जिजाच्या पुतण्याकडून तो हळदीचा फोटो पुन्हा मागवला, आणि लाईट गेली तेव्हा पेन्सिल घेऊन नागूच्या खांद्यावरचा हात कागदावर काढला. फक्त हात. खाली दोन ओळी लिहिल्या: ‘हात: जिजा. खांदा: नागू.’ एक प्रत तिला नेऊन दिली. तिने चित्र लांब धरून पाहिलं आणि म्हणाली, “आंगठा जाडा काढलास.” मग ते गोदरेजच्या कपाटाच्या दाराला आतल्या बाजूने चिकटवलं, जिथे लोक एरवी लग्नाची तारीख लिहितात.

तेव्हापासून मिलिंद हात टाकत नाही. कापला की ‘हात’ नावाच्या फोल्डरमध्ये ठेवतो, नंबर देतो, आणि लाईट गेली की एकेक काढतो. लाईट असली की धंदा, गेली की कला, असा हिशोब आपोआप पडला. पावसाळ्यात त्याची कला बहरते.

नियम दोनच. खांदा चित्रात काढायचा नाही, खाली नुसता लिहायचा. आणि लिहायचं ते खरं लिहायचं, माहीत नसेल तर ‘माहीत नाही’. हळूहळू तऱ्हेतऱ्हेचे हात जमले. घड्याळ दिसावं म्हणून मुद्दाम पुढे काढलेला हात. नवरदेवाचा कंकण बांधलेला. सरबताचा अर्धा ग्लास तसाच धरून ठेवलेला. एका भावाचा, ज्याच्याबद्दल घरच्यांनी बजावलं होतं, ‘पहिला तो हात काढ, मग बाकीचं बघ.’ मिलिंदने काढला. दोन्ही अर्थांनी काढला म्हणा. खाली लिहिलं, ‘हात: धाकटा भाऊ. खांदा: थोरला.’

त्याची बायको मेघा दहिवलीत अंगणवाडी चालवते. तिचं म्हणणं, “गावातल्या सगळ्या बायांचे हात काढलेस, माझा एकदा तरी काढ.”

“तुझा अजून कुणाच्या खांद्यावरनं कापलेला नाही.”

“म्हणजे तुझ्या बोर्डाची वाट बघायची?”

“घाई काय आहे,” मिलिंद म्हणाला. संसारात याहून प्रेमाचं बोलणं फार होत नाही.

अशी सात वर्षं गेली आणि मग अंतरा आली. ती कर्जतच्या एका जुन्या घरातली. आजोबांना गाव नाना म्हणतं. त्यांनी चाळीस वर्षं शाळेत इंग्रजी शिकवलं, आणि त्या इंग्रजीतून सुटका व्हावी म्हणून पुढच्या पिढीने मुंबई गाठली. अंतरा इलस्ट्रेटर आहे. मुंबईत बँकांसाठी हसरी माणसं काढते, ज्यांना चेहरा असतो पण नाक नसतं, आणि शनिवार-रविवार नानांकडे येते. नानांच्या पंच्याऐंशीव्या वाढदिवसाची पत्रिका छापायला ती दुकानात बसलेली असताना लाईट गेली. मिलिंदने सवयीने वही काढली. तिने ती अर्धा तास चाळली.

“मिलिंददादा, हा तुमचा पर्सनल प्रोजेक्ट आहे?”

“मी त्याला फोल्डर म्हणतो.”

अंतराने समजावून सांगितलं, की गिऱ्हाईक नसताना, कुणी न सांगता, स्वतःसाठी केलेल्या कामाला तिच्या क्षेत्रात पर्सनल प्रोजेक्ट म्हणतात आणि आता ते प्रत्येकाला असावंच लागतं. तिचाही होता. शंभर दिवस, रोज एक चहाचा कप. सत्तावन्नाव्या कपावर थांबला.

“का?”

“सगळे कप सारखेच दिसायला लागले.”

मिलिंदला हे पटलं. हातांचं तसं होत नाही, एवढंच तो म्हणाला.

तिला या चित्रांचं छोटं पुस्तक करायचं होतं. मुंबईत अशी पुस्तकं आवडीने घेणारे लोक आहेत म्हणे. ते मुख्यतः एकमेकांची घेतात, हेही तिने प्रामाणिकपणे सांगितलं.

“झालं नाही अजून पुरं,” मिलिंद म्हणाला.

“पर्सनल प्रोजेक्ट कधीच पुरा होत नसतो, दादा.”

“आमच्याकडे गिऱ्हाईक संध्याकाळी डिलिव्हरीला येतं.”

अंतरा हसली आणि पानं उलटता उलटता, काही मनात नसताना, विचारून गेली, “यात तुमच्या घरचं कुणीच नाही का? आईचा वगैरे हात?”

मिलिंद म्हणाला, “नाही.” लाईट आली. त्याने पत्रिकेचं काम पुढे घेतलं आणि नानांच्या नावाचा आकार उगाच तीनदा बदलला.

जानकीबाई, मिलिंदची आई, काविळीने गेली तेव्हा तो सहा वर्षांचा होता आणि ती सत्तावीस. घरात बुद्ध आणि बाबासाहेबांच्या तसबिरींखाली तिची फ्रेम आहे, ‘कालकथित जानकीबाई कमळाकर सोनावळे’. तोही कापलेलाच फोटो. त्या काळी कर्जतच्या एका फोटोवाल्याने कुठल्याशा घोळक्यातून तिला उचलली, मागे निळा पडदा टाकला, आणि गळ्यात एक सोनेरी हार रंगवला, जो तिने आयुष्यात घातला नव्हता. ओठ सरळ करून मिटवले. कपाळाच्या डाव्या बाजूला एक फिकट तिकोनी डाग उरला आहे. तिथे काहीतरी पुसायचा प्रयत्न झालेला आहे आणि तो नीट साधलेला नाही. मिलिंद मोठा झाल्यावर हे सगळं त्याला दिसू लागलं, कारण आता तो स्वतः तेच करत होता, जरा सफाईने.

आईचा चेहरा आपल्याला आठवतो, असं त्याला वाटतं. पण आठवतो तो त्या फ्रेममधलाच. हाताचं म्हणाल तर इतकंच आठवतं की तो ओला असायचा. भांडी, धुणं, भाताची लावणी, काही ना काही. कसा होता, बोटं लांब की आखूड, काही नाही. तिच्या दोन बांगड्या डब्यात आहेत, पण हातावाचून बांगडी म्हणजे काय, नुसतं भोक.

आणि फ्रेममधल्या तिच्या डाव्या खांद्यावरून मिलिंदचा जीव हलत नसे. तो खांदा जरासा खाली झुकलेला आहे. शेकडो खांदे पाहिलेल्या माणसाला त्यातून पुढचं वाचता येतं. शेजारच्या उभ्या बाईच्या खांद्यावर हात ठेवला तर आपला खांदा वर जातो. खाली झुकतो तो बुटक्या कुणावर हात ठेवला तर. बुटकं म्हणजे पोर. आणि तिचं पोर एकच होतं.

हे त्याने मेघाला एकदाच सांगितलं होतं. ती म्हणाली होती, “असेल की,” आणि फ्रेमवरची धूळ पुसली होती. पुस्तक अडलं होतं ते यावर. बाकी सगळ्यांचे हात वहीत होते, आणि जो एक हात स्वतःवर होता असं वाटत होतं, तो जगात कुठल्या कागदावर आहे ते ठाऊक नव्हतं.

मूळ फोटो घरात नव्हता, कारण मिलिंदचे वडील कमळाकर प्रामाणिक होते. फ्रेमसाठी त्यांनी तो कुणाकडून तरी मागून आणला आणि काम झाल्यावर परत नेऊन दिला. कुणाला, ते पुढे विसरले. “आपला नव्हता, तर ठेवाचा कसा?” मिलिंदने विचारलं की ते एवढंच म्हणत. चार वर्षांपूर्वी तेही गेले. त्यांचा एकट्याचा चांगला फोटो होता, मिलिंदने स्वतः काढलेला. खांद्यावर कुणाचाच हात नव्हता.

फोटोवाल्याच्या दुकानात आता मोबाइलची कव्हरं मिळतात. अंतराच्या त्या प्रश्नानंतर मिलिंदने आपलं मूळ गाव, कडाव, पुन्हा पालथं घातलं. विहाराशेजारची सगळी घरं, सगळ्या पेट्या, देवळीतल्या पिशव्या. बायांनी त्याला चहा दिला, त्यांच्या मुलांचे लग्नाचे अल्बम दाखवले आणि सुनांच्या तक्रारी सांगितल्या. फोटो नव्हता. जे गाव सोडून गेले त्यांच्या पेट्याही त्यांच्याबरोबर गेल्या, ही साधी गोष्ट शोधणाऱ्याच्या डोक्यात आली नाही. तो जिथे आई होती तिथेच शोधत राहिला.

गेल्या वर्षी मार्गशीर्षात, एका सकाळी, नरेश दुकानात आला. मूळचा कडावचाच, सोनावळ्यांचा शेजारी, मिलिंदहून आठेक वर्षांनी मोठा. रसायनीत कारखान्यात नोकरी लागल्यावर आई जयवंताला घेऊन तिकडे गेला, त्याला वीस-बावीस वर्षं झाली. जयवंता चार दिवसांमागे गेली होती. रविवारी जलदान विधी आणि पुण्यानुमोदन. एक बोर्ड रसायनीला, एक कडावला.

“तिकडं बी मिळतात बोर्ड करणारे,” नरेश म्हणाला, “पन आई म्हणाली व्हती, माजा मिलिंदा करंल. जिती असतानाच सांगून ठेवलं व्हतं, बोल.”

“फोटो आणलास, दादा?”

“आणला. आन् तुझं काम बी कमी करून आणलंय.” नरेशने खिशातून पाकीट काढलं. आत जयवंताचा कात्रीने कापलेला फोटो होता, डोकं आणि खांदे, एखाद्या बिस्किटासारखी कड धरून नीट गोल कापलेला. “तू शेवटी कापणारच नं? म्हटलं, तुझा टाइम कशाला घालवाचा. बायकोची शिवणाची कात्री हाय, धार चांगली हाय.”

मिलिंदने तुकडा हातात घेतला. लोक त्याच्या धंद्याला इतके सरावले होते, की आता मदतसुद्धा करू लागले होते.

भाऊंचा वाढदिवस तोंडावर होता, दुकानात पाच माणसं खोळंबली होती. त्याने फोटो स्कॅन केला. जयवंताच्या खांद्यावर बोटं होती, मनगटापर्यंतचा हात होता. तो त्याने उचलून फोल्डरमध्ये टाकला, दोनशे चौदा. लुगडं जोडलं, मागे बोधिवृक्षाची पानं सोडली, मजकूर टाकला आणि नरेशच्या मोबाइलवर नमुना पाठवला. नरेश तिथेच बसला होता, तरी त्याने मोबाइलवर अंगठा पाठवला. मग डोळे पुसून, “झ्याक झालाय,” म्हणून गेला.

अकराच्या सुमाराला लाईट गेली. भाऊंचे कार्यकर्ते चहाला पांगले. मिलिंदने सहज जयवंताचा तुकडा उचलून दारातल्या उजेडात धरला. फोटो जुना, लालसर पडलेला. जयवंताच्या गालावर एक सावली होती, तिकोनी.

पताकेची.

वरती दोरीला कागदी पताका लावलेल्या आहेत, ऊन डोक्यावर आहे, आणि खाली उभ्या बायांच्या तोंडावर तिकोनी सावल्या पडल्या आहेत. एकीच्या गालावर. दुसरीच्या कपाळावर, डाव्या बाजूला, जी पुढे एका फोटोवाल्याने पुसायचा प्रयत्न केला आणि त्याला ती नीट पुसता आली नाही.

त्याने नरेशला फोन लावला. “दादा, कापल्यावर उरलेला फोटो कुठाय?”

“उरलेला? त्याचं काय काम आता?”

“कुठाय?”

“घरीच पडला असंल. नायतर बायकोनं झाडून काढला असंल. का रं, कमी पडला काय?”

मिलिंदने शटर ओढलं. तोंडावर भाऊंचा वाढदिवस असताना शटर ओढणं म्हणजे आपल्या भागात काय असतं, ते इथे समजावून सांगायला नको. चौक गावावरून रसायनी गाठेपर्यंत त्याच्या डोक्यात एकच गोष्ट होती, की कचऱ्याची गाडी सकाळी येते का दुपारी.

नरेशची बायको दर्शना दारात पाणी घेऊन आली. मिलिंदने पाणी घ्यायच्या आधीच विचारलं.

“तो होय?” दर्शना म्हणाली. “कपाटात ठेवलाय. माणसांची तोंडं हायत त्यात, केरात कशी टाकू? ह्यांना म्हटलं, पुऱ्या फोटोची फ्रेम केली असती. तर कात्री घेऊन बसले.”

तिने तांदळाच्या डब्यावर वर्तमानपत्र अंथरून फोटो ठेवला. कडावचा विहार, अर्धा रंगवलेला. नऊ बाया. मधोमध एक खुर्ची, आणि खुर्चीत बिनडोक्याची, लुगड्याचा घोळ मांडीवर घेतलेली एक बाई. तिचं डोकं आणि खांदे कर्जतला दुकानात होते. खुर्चीच्या उजव्या अंगाला जानकीबाई उभी होती.

हार नव्हता. ओठ मिटलेले नव्हते. ती बोलत होती. कॅमेऱ्याकडे बघायचं सोडून खाली खुर्चीकडे बघत, अर्धवट हसत, वाक्याच्या मध्यावर होती. मिलिंदला एकदम लक्षात आलं की आईचे पुढचे दात जरा पुढे होते. हे त्याला कुणीही सांगितलं नव्हतं. त्याचे स्वतःचेही आहेत.

“जानकीकाकी!” नरेश खांद्यावरून वाकून म्हणाला. “आयला, मी बघितलीच नाय. मी आईकडंच बघत व्हतो रं.”

“कुठला हा दिवस?”

“वैशाखी पुनव. विहाराचं उद्घाटन. आई महिला मंडळाची अध्यक्ष, म्हणून तिला खुर्ची. बाकीच्या म्हणल्या, आमाला का नाय? मोप भांडण झालं. मग काकी म्हणली, बसू द्या गं तिला, नायतर दुसऱ्या फोटूला बी हीच बसंल.” नरेश स्वतःशीच हसला. “तेच चाललं असंल बघ ह्यात. आन् पोरं खाली. तू बी हायस. ह्यो.”

पुढे जमिनीवर पोरांची ओळ होती. पार डाव्या टोकाला, दुसऱ्याच एका बाईच्या पायाशी, चार वर्षांचा मिलिंद उन्हाने डोळे बारीक करून बसला होता. आई उजवीकडे होती. मध्ये खुर्ची, अध्यक्ष, तीन बाया आणि सगळी पोरं.

त्याने तिच्या डाव्या खांद्याकडे पाहिलं. खांदा खाली झुकलेला होता. दंड खुर्चीकडे गेला होता आणि मनगटाशी, बांगड्यांवरून, कात्रीने कापला होता. उंचीचा अंदाज बरोबर निघाला होता. बुटकं पोर आणि खुर्चीत बसलेली अध्यक्ष यांची उंची सारखीच असते, हे त्याच्या धंद्यातलं गणित तेवढं राहून गेलं होतं.

म्हणजे हात कुठे होता, हे विचारायची गरज नव्हती. हात त्याच्याकडेच होता. सकाळी त्यानेच तो जयवंताच्या खांद्यावरून काढला होता, पाच माणसं खोळंबली होती म्हणून न बघता.

मग मिलिंद म्हणाला, “दादा, बोर्ड बदलायचा हाय. हात परत घालायचा हाय.”

“कुणाचा हात?”

मिलिंदने बोट ठेवलं. नरेशने कापलेल्या मनगटाकडे पाहिलं, मग स्वतःच्या हाताकडे, जणू कात्री अजून त्यातच होती.

“म्हंजी मी तोडला.”

“तू मनगटाशी तोडलास. खांद्यावरनं मी काढला.”

“लोक काय म्हणतील? आईच्या बोर्डावर कुणाचा बी हात?”

“कुणाचा बी नाय.”

नरेशने जयवंताच्या रिकाम्या जागेकडे पाहिलं. त्या भोकातून खालचं वर्तमानपत्र दिसत होतं. “तशी आई बी काकीचं नाव लय काढायची. शेवटी शेवटी मलाच म्हणायची, जानके, पानी दे.” त्याने नाक ओढलं. “राहू दे. घाल.”

“चहा घ्या,” दर्शना म्हणाली, आणि दोघांनी घेतला.

जयवंताचा बोर्ड दोन्हीकडे लागला. बोधिवृक्षाची पानं, मध्ये कालकथित जयवंता, आणि तिच्या खांद्यावर एक हात, मनगटापर्यंत, बांगड्यांसकट. पहिल्या दिवशी मिलिंदला सात फोन आले. सगळ्यांचं म्हणणं एकच, बोर्डावर चुकून एक हात राहून गेलाय. मिलिंद म्हणाला, “राहिलाय.” नरेशचे मामा पुण्यानुमोदनाच्या सभेत उठून बोलले, की हल्लीच्या पोरांचं कामात लक्ष नसतं. जिजाही आली होती. तिने बोर्डाखाली उभं राहून वर पाहिलं आणि मिलिंदजवळ येऊन म्हणाली, “ह्यो बरा ठिवलास.” कुणाचा, ते तिने विचारलं नाही.

पंधरवड्याने बोर्ड उतरले. कडावचा बोर्ड, सगळे फ्लेक्स शेवटी जिथे जातात तिथे गेला. एका शेतकऱ्याने तो पेंढ्याच्या उडव्यावर टाकला, उलटा, पांढरी बाजू वर. चित्र आत आहे. मिलिंदला ते ठाऊक आहे. तो गावी जाताना तिथे गाडी हळू करतो, थांबत नाही.

चित्र काढायला मात्र त्याने दोन महिने लावले. लाईट जात होती, येत होती, तो दुसरेच हात काढत होता. शेवटी बांगड्यांचा डबा घरून आणला. फोटोतल्या त्याच बांगड्या होत्या. त्यांच्या मापावरून हाताचं माप काढलं, आणि वहीत पहिल्यांदाच एक हात खऱ्या आकाराचा काढला. बोटं आखूड निघाली. करंगळी जरा वाकडी. झाल्यावर त्याने आपला हात शेजारी ठेवून पाहिला, तर त्याचा मोठा होता. वयानेही तो आता तिच्याहून आठ वर्षांनी मोठा आहे.

खाली लिहिलं, ‘हात: जानकीबाई.’ पुढची ओळ बरेच दिवस कोरी होती. अंतरा शनिवारी आली तेव्हा म्हणाली, “दादा, कोरीच ठेवा ना. खांदा चित्रात नाहीये. कुणाला काय कळणार आहे?” तिने हे चांगल्या मनाने सांगितलं आणि ते खरंही होतं. नियम त्याचे, वही त्याची, गिऱ्हाईक कुणी नाही. पर्सनल प्रोजेक्ट यालाच म्हणत असावेत.

मिलिंदने तिच्यासमोरच पेन्सिल घेतली आणि लिहिलं, ‘खांदा: जयवंता.’ कमळाकर सोनावळ्यांचा मुलगा. आपला नव्हता, तर ठेवायचा कसा?

पुस्तक आता होतं आहे. अंतरा मुंबईला सगळी चित्रं स्कॅन करते आहे आणि डाग, भुकटी, रबराच्या खुणा साफ करते आहे. मागच्या आठवड्यात तिचा फोन आला. बाकी सगळे कागद नवे कोरे असावेत तसे सपाट आहेत, मिलिंद वहीच्या बाबतीत फार काटेकोर आहे. पण दोनशे चौदाव्या चित्राच्या कागदाला एक घडी आहे. मधोमध नाही, आडवीही नाही. मनगटाच्या जरा वर, तिरकी, गोलसर, कागद खांद्यावर ठेवला आणि तो घसरू नये म्हणून वरून दाबून धरला तर पडेल तशी.

“कशी पडली ही?” अंतराने विचारलं. “काढून टाकू ना? दोन मिनिटांचं काम आहे.”

“राहू दे,” मिलिंद म्हणाला.